ब्रेकची दांडी

गाडी न्यायला क्रेन आली तेव्हा मी गॅलरीत उभी होते. आमचं घर तळमजल्यावर, त्यामुळे सगळं डोळ्यांसमोरच चाललं होतं. दादा कंपाउंडमध्ये उभा राहून त्या माणसांना सूचना देत होता. वहिनीने बॉनेटला हळदकुंकू लावलं होतं. मागची चाकं उचलली गेली आणि माझी लाल गाडी उलटी उलटी गेटकडे निघाली. दादाने वळून मला विचारलं, "आतलं सगळं काढलंस ना गं?" मी मान हलवली. छत्री, पाठीला लावायची उशी, डॅशबोर्डवरचा गणपती, काच पुसायची फडकी, सगळं काढलं होतं. ज्याच्यासाठी जीव तुटत होता ते मात्र आतच होतं, आणि गाडी गेटबाहेर जाईपर्यंत मी तोंड उघडलं नाही.

मी चालायला शिकले आणि थोड्याच महिन्यांत उजवा पाय पोलिओने गेला, असं आई सांगायची. मला तो पाय चालता असल्याचं आठवत नाही. पायाला बांधायचा लोखंडी कॅलिपर आणि कोपराला अडकवायची काठी, यांच्यावर सगळा कारभार. डावा पाय धड आहे. ऑफिस अंधेरीला होतं. पार्ल्याहून अंधेरी म्हणजे लोकांच्या लेखी काहीच नाही, पण मला ते अंतर रोज कुणाच्या तरी मेहेरबानीने कापावं लागायचं. दादाची स्कूटर, ऑफिसातल्या एका बाईंच्या नवऱ्याची गाडी, नाहीतर जवळचं भाडं म्हणून तोंड फिरवणारे रिक्षावाले. "जाता जाता मला सोडाल का?" हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की आजही कुणी दुसऱ्याने ते उच्चारलं तरी मला अवघडल्यासारखं होतं.

चाळिशीच्या अलीकडे मी गाडी घेतली. ती मला चालवता येईल अशी करून दिली अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात. लेथवर काम करणारे एक वयस्कर गृहस्थ होते, अशी कामं ते हौसेने घ्यायचे. त्यांनी मला सीटवर बसवलं, डोळे मिटून हात सैल सोडायला सांगितला, आणि हात जिथे पडला तिथे खडूने खूण केली. स्टिअरिंगच्या खाली उजवीकडे लोखंडी दांडी बसवली. तिच्यापासून खाली दोन सळया जायच्या, एक ब्रेकच्या पेडलला, दुसरी ॲक्सिलरेटरला. दांडी पुढे ढकलली की ब्रेक, आपल्याकडे ओढली की गाडी धावायची. क्लचला डावा पाय होताच. माझं मनगट जसं वळतं तसाच बाक त्या दांडीला दिला होता. ते गृहस्थ आता नाहीत, आणि त्या गाळ्याच्या जागी काचेची इमारत उभी आहे.

त्यानंतर मी लोकांना सोडायला लागले. ज्या बाईंच्या नवऱ्याच्या गाडीतून जायचे त्या बाईंना मी पावसात घरापर्यंत सोडलं. दादाला एअरपोर्टला नेलं. आईला शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलात नेलं आणि आणलं. गाडीत बसलेली असताना माझा पाय कुणाला दिसत नसे. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस माझ्याकडे बघायचा तो फक्त एक बाई गाडी चालवतेय म्हणून. मला ते फार आवडायचं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मग मी निवृत्त झाले, आणि त्याच सुमारास उजवा खांदा दुखायला लागला. इतकी वर्षं काठीवर भार टाकून टाकून तो झिजला, असं डॉक्टर म्हणाले. एका संध्याकाळी गेटमधून आत वळताना खांद्यात कळ आली, हाताचा जोर गेला, आणि गाडी गेटच्या खांबाला जाऊन टेकली. कुणाला लागलं नाही. बंपर दबला, वॉचमन खुर्चीवरून उठून बाजूला झाला, आणि वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या.  पुढे मी बाहेर जायला निघाले की दादा चप्पल घालून कंपाउंडमध्ये यायचा आणि मी गेटबाहेर पडेपर्यंत उभा राहायचा. तो उभा असला की माझी गाडी हमखास बंद पडायची.

त्यात गाडीची नोंदणी संपली. पुन्हा करायची तर गाडी तपासणीत पास व्हायला हवी, आणि मेकॅनिकने मॅट उचलून दाखवलं तर पायाखालचा पत्रा गंजून खालचा रस्ता दिसत होता. स्क्रॅपला देण्यावाचून इलाज नव्हता. घरातल्या सगळ्यांना हलकं वाटलं. ते मला दिसत होतं, आणि त्यांच्या हलकं वाटण्यात प्रेमच होतं हेही कळत होतं. वहिनी म्हणाली, आता मोबाइलवर गाडी मागवायची, दारात येते, पार्किंगची कटकट नाही. मी म्हटलं, हो ना.

दांडी काढायची तर मेकॅनिकला बोलवावं लागलं असतं. त्याने विचारलं असतं, कुठल्या गाडीत बसवायचीय? ते दादाने ऐकलं असतं. मग मला म्हणावं लागलं असतं की मला दुसरी गाडी घ्यायचीय. या वयात, असा खांदा घेऊन, खांबाला धडकल्यानंतर. आणि जायचंय कुठे, या प्रश्नाला तर माझ्याकडे उत्तरच नव्हतं. ऑफिस संपलं होतं, आई गेली होती. मला कुठेही जायचं नव्हतं, नुसती गाडी चालवायची होती. एवढी हौस सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी गप्प बसले आणि दांडी गाडीबरोबर गेली.

पुढचे काही दिवस माझं कशात लक्ष लागेना. जेवताना उजवा हात आपोआप ताटाच्या पलीकडे हवेत जाऊन थांबायचा. शेवटी मी वहिनीला गाठलं. म्हटलं, गाडीतली ती दांडी राहिली गं, आठवण म्हणून ठेवायला हवी होती. वहिनी तशी मनाला लावून घेणारी बाई नाही, झटकन काम उरकणारी आहे. ती म्हणाली, "मग चल की. अजून तोडली नसेल त्यांनी." दादाला सांगू नकोस म्हटल्यावर तिला त्यात गंमतच वाटली. आठवण या शब्दावर तिचा पूर्ण विश्वास बसला होता, आणि मी तो बसू दिला.

भंगाराचं यार्ड घाटकोपरला होतं, हायवेपासून आत, गॅरेजांच्या रांगेमागे. साकीनाक्याचा ट्रॅफिक पार करून रिक्षा तिथे पोचेपर्यंत माझी कंबर आखडली होती. पत्र्याच्या फाटकातून आत गेलं की एका बाजूला नुसते दरवाजे उभे करून ठेवलेले, दुसऱ्या बाजूला बॉनेटांची चवड, तारेला ओवलेले हेडलाइट, ओळीने मांडलेल्या सीट. मधल्या मोकळ्या जागेत माणसं गाड्या खोलत होती. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, जे विकलं जाईल ते आधी काढायचं आणि उरलेला सांगाडा कापायला पाठवायचा, असं ते काम. सगळ्या जमिनीवर काळं तेल मुरलेलं आणि त्यात नट-बोल्ट विखुरलेले.

वहिनी म्हणाली, तू इथेच थांब, मी बघून येते. मला ते नको होतं. मी म्हटलं, मी येते. दहापंधरा पावलं नीट गेली असतील. मग काठीचं रबर तेलावरून सरकलं आणि मी आडवी झाले.

पडण्याची मला सवय आहे, लागण्याचं मला विशेष वाटत नाही. पण तिथे सगळे हातातलं काम टाकून धावले. माझा कुर्ता वर गेला होता, सलवारीचा एक पाय कॅलिपरच्या पट्ट्यात अडकून मांडीपर्यंत ओढला गेला होता, आणि तो काडीसारखा पाय, लोखंड, चामड्याचे पट्टे, सगळं त्या अनोळखी पुरुषांसमोर उघडं पडलं होतं. वहिनीने मला उचलायच्या आधी माझे कपडे सारखे केले. तिने ते आधी केलं याबद्दल मी तिची आयुष्यभर आभारी राहीन. एक माणूस तोंड फिरवून उभा राहिला, आणि त्याच्या त्या सभ्यपणाने मला जास्तच लाज वाटली.

यार्डाचा मालक ऑफिसच्या खोलीतून बाहेर आला. पन्नाशीचा, थोडा स्थूल, गळ्यात चष्मा. त्याने काय झालं ते विचारलं नाही, ओरडून एक सीट आणायला सांगितली. एका गाडीची काढून ठेवलेली पुढची सीट आणली, मला तिच्यावर बसवलं. वहिनीने गाडी कुठली ते सांगितल्यावर तो म्हणाला, ती मागे आहे, तिकडची जमीन याहून खराब आहे. मग त्याच्या माणसांनी मला सीटसकट उचललं. मी नको नको म्हणत होते, कुणी ऐकत नव्हतं. मी दोन्ही हातांनी सीटची कड धरून, मान खाली घालून बसले. माझ्या वजनाने त्यातल्या एकाला धाप लागत होती, ती मला ऐकू येत होती.

माझ्या गाडीची चाकं, काचा आणि दरवाजे गेले होते. बॉनेट शेजारच्या चवडीला टेकवून ठेवलं होतं, त्यावर वहिनीचं हळदकुंकू अजून होतं. मला खाली ठेवलं ते बरोबर ड्रायव्हरच्या बाजूला. दार नसल्यामुळे सगळं समोर दिसत होतं. दांडी जागेवर होती. तिला कुणीतरी हिरव्या चिंधीची गाठ मारली होती.

मी ती चिंधी का बांधलीय असं विचारलं. मालक म्हणाला, ती एका गिऱ्हाइकाशी बोललेली आहे, म्हणून खूण केलीय. त्याने सगळं सांगितलं. हे काय प्रकरण आहे ते त्याच्या माणसांना कळलं नव्हतं, भंगारात टाकणार होते. तेवढ्यात गोराईचा एक माणूस आपल्या व्हॅनसाठी जुना दरवाजा शोधायला आला. शेती आहे त्याची थोडी, भाजी बोरिवलीला आणून विकतो. साखरेच्या आजाराने त्याचा उजवा पाय मांडीपासून कापावा लागला होता. कुबड्यांवर हिंडत हिंडत तो या गाडीपाशी आला, आत बघितलं, आणि चढून बसला. कितीतरी वेळ उतरेना. दांडी पुढे ढकलायचा, मागे ओढायचा. मग मालकाला म्हणाला, दरवाजा राहू दे, मला हे दे, रविवारी माणूस घेऊन येतो.

"पण ताई, वस्तू तुमची," मालक म्हणाला. "तुम्ही आलायत तर आधी तुमचा हक्क. तुम्ही सांगाल तसं."

मी काही बोलायच्या आधीच वहिनी म्हणाली, "मग त्यांनाच द्या ना. किती चांगलं होईल. हिला काय, नुसती आठवण म्हणून पाहिजे होती." आणि माझ्याकडे वळून हसत म्हणाली, "आपण फोटो काढून घेऊ या, चालेल ना?"

ती चांगल्या मनानेच बोलत होती. मालक, ज्यांनी मला उचललं ती माणसं, सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी हो म्हणणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. हो म्हणणंच सोपं होतं. इतक्या लोकांनी इतक्या वेळा मला हात दिला होता, आणि आता माझ्याहून गरजू माणसाला काहीतरी द्यायची पाळी माझ्यावर आली होती.

मी म्हटलं, "नाही."

"काय नाही?" वहिनीने विचारलं.

"मला ती पाहिजे. मला गाडी चालवायचीय."

वहिनीचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. मालकाने सरळपणे विचारलं, "कुठली गाडी, ताई?" मी म्हटलं, घेईन एखादी. माझा आवाज मलाच हट्टी पोरीसारखा वाटला. तो म्हणाला, "बरं. मग त्याला मी काय सांगू?"

"सांगा, जिची होती ती घेऊन गेली."

हे वाक्य मी इतक्या तुटकपणे का बोलले ते मला माहीत नाही. मालकाने खांदे उडवले आणि एका माणसाला पाना घेऊन बोलावलं. त्याने गाडीत आडवं होऊन सळया सोडवल्या, क्लॅम्प काढला, चिंधी सोडून खाली टाकली आणि दांडी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवली. मग मला पुन्हा सीटसकट उचलून रिक्षापर्यंत आणलं. त्यांचे आभार मानताना मी कुणाच्या तोंडाकडे बघू शकले नाही.

 रिक्षा अंधेरीत आल्यावर वहिनी म्हणाली, "आठवण म्हणालीस." एवढंच. मी म्हटलं, तसं म्हटलं नसतं तर तू आली असतीस का? ती म्हणाली, "आले असते गं. तुला असं का वाटलं, की नसते आले?"  तिने माझा तेलाने माखलेला कुर्ता रुमालाने पुसायला घेतला, पण डाग आणखीच पसरला.

दादाला सांगावंच लागलं. तो चिडेल असं वाटलं होतं, तो चिडला नाही. वर्तमानपत्र उघडून त्याने दांडी बघितली, पुन्हा गुंडाळली आणि विचारलं, "आम्ही कुठे कमी पडलो का?" मी म्हटलं, नाही रे. तो म्हणाला, मग?  तुम्ही कमी पडत नाही, म्हणूनच मला गाडी पाहिजे, असं काहीतरी डोक्यात होतं, पण ते त्याला लागलं असतं. मी दांडी खाटेखाली सरकवून दिली.

आणि मग मी काहीच केलं नाही. यार्डात एवढ्या तोऱ्यात बोलून आलेली मी, पण जुनी गाडी बघायला सुरुवातही केली नाही. घरात विषय काढायची लाज वाटत होती. खाटेखालून केरसुणी फिरताना ती दांडीला लागून खणकन आवाज व्हायचा, आणि मला तो गोराईचा माणूस आठवायचा. तो रविवारी यार्डात आला असेल, त्याला मालकाने माझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं असेल. माणूस घेऊन येतो म्हणाला होता. त्या बरोबरच्या माणसासमोर त्याला काय वाटलं असेल?

एके दिवशी त्याचाच फोन आला. यार्डाच्या मालकाने नंबर दिला होता. दांडी नको, म्हणाला, फक्त बघू द्या, माप घेतो आणि कुठेतरी तशीच बनवून घेतो. मी ‘या’ म्हटलं आणि पत्ता सांगितला.

तो आणि त्याची बायको आले. आधी गोराईची बोट, मग बस, मग आमच्या गल्लीपर्यंत रिक्षा. बायकोच्या हातात पिशवी, तिच्यात मुळे आणि लाल माठाच्या जुड्या, ताज्या, मुळांना माती लागलेली. तो माझ्याच वयाचा असेल. काखेतल्या कुबड्या भिंतीला लावून ठेवून तो खुर्चीत बसला तेव्हा पँटचा रिकामा पाय त्याने सवयीने दुमडून मांडीखाली घातला. दादा शेजारी बसला. वहिनीने चहा ठेवला.

मी यार्डातल्या बोलण्याबद्दल काहीतरी म्हणायला गेले. त्याने हाताने थांबवलं.

"राग आला होता मला," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? मी बोललो, बाईला कशाला पाहिजे हे, ठेवून देईल कपाटात. मग यार्डवाला बोलला, तिचंच आहे, ती पण तशीच आहे, आणि इथे पडली पण बिचारी."

तो बिचारी शब्द त्याच्या तोंडून ऐकताना मी दादाकडे बघायचं टाळलं. पडल्याचं आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं.

मी दांडी आणून त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट केली, बोटं तिच्यावर ठेवून बघितली. त्याचा हात शेतकऱ्याचा, रुंद, माझ्या मनगटासाठी दिलेला बाक त्याच्या तळहातात नीट बसेना. त्याच्या बायकोने वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं, दांडी त्यावर ठेवली आणि पेन्सिलने तिच्याकडेने रेघ ओढली, लहान मुलाच्या पायाचं माप घेतात तशी. सळयांचं मापही तसंच घेतलं. तेवढ्यात दादाने त्याला विचारलं, सध्या व्हॅन कोण चालवतं?

"मेव्हणा," तो म्हणाला. "चांगला आहे. कुरकुर करत नाही. मी बाजूला बसतो. पण कुठे थांबायचं, चहा कुठे प्यायचा, ते पण तोच ठरवतो. मला विचारतो, नाही असं नाही. विचारतो." तो हसला. "पण गाडी माझी आहे ना."

दादा चहाचा कप हातात धरून त्या माणसाकडे बघत राहिला.

मग त्या माणसाने मला सहज विचारलं, कुठल्या गाडीत बसवणार? मी म्हटलं, अजून घेतली नाही. इतके दिवस झाले तरी? हो.  त्याच्या बायकोने पेन्सिल थांबवून माझ्याकडे बघितलं. मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं. मी घाईघाईने म्हटलं, "तुम्ही घेऊन जा ही. खरंच घेऊन जा. माझ्याकडे नुसती पडलीय."

त्याने दांडी उचलून परत माझ्या मांडीवर ठेवली.

"तेव्हा ‘नाही’ बोललात ना," तो म्हणाला, "आता ‘नाही’च राहू द्या."

तो रागाने बोलला नाही, आणि माफ केल्यासारखंही नाही. एक गोष्ट ठरलीय, ती कशाला हलवायची, असा तो सूर होता. ते दोघं गेल्यावर वहिनीने माठ निवडायला घेतला आणि दादाने विचारलं, "तू यार्डात पडलीस?"

त्यानंतर थोड्या दिवसांनी दादा मोबाइलवर जुन्या गाड्या बघताना दिसला. मला दाखवत नव्हता, पण लपवतही नव्हता. खांद्याच्या डॉक्टरांकडे तो माझ्याबरोबर आला. व्यायाम नेमाने करायचे आणि जवळच्या अंतरावरच चालवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुलुंडच्या एका निवृत्त शिक्षिकेची पांढरी गाडी मिळाली, फारशी न वापरलेली. दांडी बसवायला नवा क्लॅम्प करावा लागला, सळया थोड्या कापाव्या लागल्या. लायसन्स आणि नोंदणीचं सगळं पुन्हा रीतसर झालं. पहिल्यांदा गेटबाहेर काढली तेव्हा दादा शेजारी बसला होता, दाराच्या वरचं हँडल घट्ट धरून. मी त्याला ते सोडायला सांगितलं नाही. वळण घेताना वॉचमन खुर्ची उचलून आतल्या बाजूला सरकला, आणि वरून कुणीतरी बघतंय हे मला मान वर न करताही कळलं.

मी आता चालवते. बाजारात जाते, व्यायामाला जाते, कधी नुसतीच पार्ल्यातून एक फेरी मारून येते. कुठे गेली होतीस, असं कुणी विचारलं तर अजून काहीतरी कारण सांगते.

गोराईला फोन करायचं मी बरेच दिवस टाळत होते. केला तेव्हा त्याच्या बायकोने उचलला. मी दांडी झाली का ते विचारलं. ती म्हणाली, झाली होती, चांगली झाली होती, भावाने व्हॅनला बसवली पण होती. पण त्याच सुमारास त्यांच्या दुसऱ्या पायाला जखम झाली, ती भरेना. डाव्या पायाने क्लच दाबता येईना. मग व्हॅन विकली. आता भाजी जाग्यावरूनच जाते, व्यापारी येऊन उचलतो. ते बरे आहेत तसे, खुर्ची टाकून दारात बसतात.

मी फोन कानाला धरून उभी होते, आणि माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं ते लिहायला मला जड जातंय. मला सुटल्यासारखं वाटलं. दांडी त्याला दिली असती तरी तिचा काही उपयोग झाला नसता, म्हणजे मी त्याचं काही नेलं नाही, असा हिशेब माझ्या डोक्यात क्षणात झाला. पलीकडे ती बाई नवऱ्याच्या पायाबद्दल सांगत होती. त्याच्या जखमेबद्दल वाईट वाटायला मला त्यानंतर वेळ लागला. अगदी थोडा, पण लागला.

तिने विचारलं, तुमच्या गाडीचं काय झालं? घेतली, म्हटलं. चालवते. तिला मनापासून आनंद झाला. नवऱ्याला हाक मारून तिने ते सांगितलेलं मला ऐकू आलं, पण तो काय म्हणाला ते कळलं नाही. मग ती म्हणाली, "मग या की एकदा. भाईंदरवरून रस्ता आहे, गाडी घेऊन दारापर्यंत येता येतं."

मी म्हटलं, येते. अजून गेलेले नाही.